निववलेलं पाणी

पृथ्वीच्या पोटात इतकी उष्णता साठलेली आहे की, तिचा अल्पसा अंश जरी माणसाला वापरता आला, तरी त्याच्या पुढच्या शेकडो पिढ्यांना ऊब आणि उजेड यांची ददात पडणार नाही.

हे वाक्य माझं आहे. एका कंपनीच्या माहितीपत्रकासाठी मी ते लिहिलं, तेव्हा कोथरूडच्या आमच्या घरातली वीज गेलेली होती आणि कागद ओला होऊ नये म्हणून मी मनगटाखाली रुमाल ठेवून लिहीत होतो. ते भारनियमनाचे दिवस होते. पुणं जगभरच्या बँकांचे हिशेब संगणकावर सांभाळू लागलं होतं आणि दुपारचा पंखा मात्र वर्तमानपत्रात छापलेल्या वेळापत्रकाप्रमाणे फिरत होता.

माझं काम अहवाल लिहिण्याचं. तज्ज्ञ आकडे देतात, मी त्यांना वाक्यं देतो. या कामात माणूस फारसा कुठे जात नाही. पण त्या हिवाळ्यात मला चार दिवसांसाठी कोकणात नेण्यात आलं, कारण कंपनीच्या मालकांना अहवालात 'प्रत्यक्षदर्शी स्पर्श' हवा होता. तो मिळाला. त्याचा फोड माझ्या उजव्या पायावर पुढे पंधरा दिवस होता.

हडपसर

कंपनीची इमारत हडपसरला होती. समोरून सगळी काच, मागून तीन डिझेल जनरेटर. संगणकांची खोली इतकी थंड ठेवलेली असे की, तिथली मुलं वैशाखात स्वेटर घालून डबे खायला बाहेर येत. मालकांनी विमानात कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की, परदेशात जमिनीखालच्या गरम पाण्यावर शहरं तापवतात आणि वीजही काढतात. विमान उतरेपर्यंत त्यांचा निश्चय झालेला होता. कोकणात गरम पाण्याचे झरे आहेतच. तिथली उष्णता वर काढायची, तिची वीज करायची आणि त्या विजेवर हडपसरची यंत्रं गार ठेवायची.

या कामासाठी त्यांनी डॉ. मेश्राम यांना सल्लागार नेमलं. मेश्राम मूळचे भंडाऱ्याचे. एका सरकारी खात्यात भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून उभी नोकरी करून निवृत्त झालेले आणि पुण्यात तीस वर्षं काढलेले. बोलणं अगदी छापील. फक्त मन अस्वस्थ असलं की त्यांच्या तोंडून 'का'च्या जागी 'काहून' येतं. पहिल्या बैठकीत ते आलं नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं की, देशातल्या गरम झऱ्यांची यादी फार पूर्वीच झालेली आहे. काही ठिकाणी बोअर घेतले, वाफ निघाली, फोटो निघाले, अहवाल निघाले. म्हणण्यासारखी वीज तेवढी निघाली नाही. ज्या देशांत ती निघते त्यांच्याकडे ज्वालामुखी जिवंत आहेत. आपला विझून इतका काळ लोटला आहे की, त्याच्या दगडाचे आपण पाटे-वरवंटे केले.

"कोकणातल्या झऱ्यांवर मासळी वाळवता येईल," ते म्हणाले. "कोकम, भात, आंब्याची साठं. खर्च थोडा, उपयोग बराच."

"डॉक्टर, थिंक बिग," मालक म्हणाले.

"विचार मोठा करायला हरकत नाही. झरा लहान आहे."

मालक हसले आणि त्यांनी अट सांगितली. झऱ्याच्या तोंडाशी तापमान साठ अंशांच्या वर भरलं, तर चाचणीचा बोअर ताबडतोब घ्यायचा. साठच्या खाली भरलं, तर योजना गुंडाळायची. साठच का, असं मी बाहेर आल्यावर अमेयला विचारलं. अमेय हा कंपनीचा तरुण व्यवस्थापक. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होता आणि त्याचं कायम होणं या बोअरवर अवलंबून होतं. तो म्हणाला, "सर, ॲक्च्युअली, बोर्डाला राउंड फिगर आवडते."

बोअरची जागा पुण्यातच नकाशावर ठरली होती. कुंडापासून बारा पावलांवर, कारण तिथे गाडी उभी राहील एवढी सपाटी होती. तमिळनाडूतून आलेली बोअरची गाडी आमच्या आधीच चिपळूणला जाऊन उभी राहिली होती.

आणखी एक गोष्ट होती, जी बैठकीत कोणी मोठ्याने बोललं नाही. हाच झरा मेश्रामांनी तीस वर्षांपूर्वी, नोकरीत नवे असताना मोजला होता. आकडा आला होता त्रेचाळीस. तो त्यांच्या नावानिशी सरकारी यादीत छापलेला होता आणि त्यामुळेच हा झरा पुढे कोणी विचारात घेतला नव्हता. साठ भरले असते, तर मेश्राम खोटे पडले असते. त्रेचाळीस भरले असते, तर अमेय घरी गेला असता. मी एकटाच असा होतो की, ज्याला कुठलाही आकडा आला तरी मानधन मिळणार होतं.

उन्हाळवाडी

गावाचं खरं नाव सांगत नाही. कोकणात गरम झऱ्याला उन्हाळं म्हणतात आणि त्यावरून नाव पडलेली गावं बरीच आहेत. त्यांत ही आणखी एक उन्हाळवाडी धरावी. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत सांगण्यासारखं इतकंच घडलं की, अमेयच्या मोबाइलची रेघ एकेका वळणाला एकेक करून गेली आणि तो ती गेल्याचं दर वेळी जाहीर करत राहिला.

गावाच्या तोंडाशी ओढ्यावर एक अरुंद साकव आहे. तो ओलांडला की उतारावर कौलारू देऊळ, देवळाच्या चौथऱ्यातून बाहेर आलेलं दगडी गोमुख आणि त्याखाली कुंड. आम्ही पौर्णिमेच्या दिवशी संध्याकाळी पोचलो. कुंडावर वाफ धरली होती आणि दोन म्हाताऱ्या गुडघाभर पाण्यात बसून कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी सुनेला सोडलं आणि आमच्याकडे पाहत राहिल्या.

आमची उतरण्याची सोय सखाराम गुरव यांच्याकडे होती. गुरव म्हणजे देवळाचे पुजारी आणि कुंडाचेही राखणदार. पन्नाशीचा काटक माणूस, बोलायला मोजका. आमच्यासाठी ओसरीवर नव्या चटया घातल्या होत्या आणि पाणी देताना तांब्याखाली ताटली धरली होती. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पाहुणा येणार असेल, तर त्याच्या गाडीचा नंबर आदल्या दिवशी सचिवांना कळवावा लागतो. तेवढंच आमचं स्वागत.

चहा झाल्यावर सखारामने विचारलं, "बोरची गाडी चिपळुनास हाय म्हनतात."

"आहे," मेश्राम म्हणाले. "मोजून झाल्यावर ठरेल."

"खालच्या वाडीत नळपान्यासाठी बोर मारलानी. चौथ्या दिशी तितलं उन्हाळं गेलं. शंभर पिढ्या व्हतं म्हनत." त्याने कप खाली ठेवला. "आता तितं म्हशीबी बसत नाय."

अंगणाच्या कडेला गावातली सात-आठ माणसं येऊन उभी होती. ती रागावलेली नव्हती. दवाखान्याच्या बाहेर नातेवाईक उभे असतात तशी होती.

जेवायला कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं तिखलं होतं. सखारामच्या बायकोने, वहिनींनी, प्रत्येकाच्या पानात भाताची एक छोटी मूद वाढली. भात दाताखाली किंचित कचकचला आणि त्याला काडेपेटीसारखा हलका वास होता.

"परसाद हाय," वहिनी म्हणाल्या. "पुनवेचा देवाचा भात चुलीवर करत नाय. तांदूळ फडक्यात बांधून उन्हाळ्यात सोडतो. आज सकाळचाच काढलेला."

सखारामने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. वहिनी भाताचं भांडं घेऊन आत गेल्या आणि जेवण संपेपर्यंत पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मला वाटलं, प्रसाद पानात वाढण्यावरून काही नवरा-बायकोचं असेल.

त्रेचाळीस

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही कुंडावर गेलो. गावही आलं होतं. मेश्रामांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गोमुखाच्या धारेत तापमापकाची कांडी धरली. मी वही घेऊन उभा. पाणी माझ्या पावलांना छान वाटत होतं. पुण्यात एवढं ऊन पाणी मला सणावाराला मिळतं.

आकडा चढला, थांबला, एकदा थरथरला. मेश्रामांनी तीनदा धरून पाहिलं.

"त्रेचाळीस," ते म्हणाले. "वर दोन दशांश. लिहा."

अमेयचा चेहरा पांढरा पडला. काल अंगणाच्या कडेला उभी असलेली माणसं मात्र एकमेकांच्या थोडी जवळ सरकली. सखारामने देवळाकडे पाहून हात जोडले. इतक्या वर्षांनी खरा ठरलेला माणूस आनंदाने कसा दिसतो हे बघायला मी मेश्रामांकडे वळलो, तर ते कांडी पुसत होते आणि कपाळावर आठी होती.

मोबाइलला रेघ फक्त शाळेच्या झेंड्याच्या कट्ट्यावर येत असे. अमेय तिथे जाऊन मालकांशी बोलला आणि परत आला. "उद्या सकाळी लास्ट रीडिंग घ्यायचंय. सेम आलं तर बोअरची रिग परत." मग फोन खिशात टाकत, "आणि मीपण, बहुतेक."

नाश्त्याला नारळाच्या रसातल्या शेवया आल्या. काल रात्रीच्या जेवणात गोड काही नव्हतं. गावाला हायसं वाटल्याची ती पावती होती आणि मी ती दोनदा घेतली. मेश्रामांनी वाटी बाजूला ठेवली.

"दातार," ते मला म्हणाले, "तीस वर्षांत यंत्र बदललं, मी बदललो, ऋतूसुद्धा वेगळा आहे. तेव्हा उन्हाळा होता. आकडा काहून बदलला नाही?"

"झरा तोच आहे म्हणून."

"झरा दोन-चार अंश तरी हलतो. हा मोजून दिल्यासारखा आहे." मग त्यांनी हळूच विचारलं, "त्रेचाळीस अंशांत भात शिजतो?"

त्यांनी वहिनींकडून मूठभर तांदूळ मागून घेतले, स्वतःच्या रुमालात बांधले आणि रुमाल सुतळीने गोमुखाच्या धारेत सोडून दिला. वहिनींनी तांदूळ दिले. कशासाठी हवेत, हे त्यांनी विचारलं नाही.

तो दिवस मी अनेक सहलींतल्या दिवसांपेक्षा जास्त लक्षात ठेवला आहे, आणि त्या दिवशी काहीही घडलं नाही. दिवसभर एक रुमाल पाण्यात होता. सखाराम तीन वेळा कुंडाकडे जाऊन आला. अमेय लॅपटॉप उघडून बसला आणि बॅटरी संपल्यावर मिटून बसला. आम्हाला गाव दाखवायला म्हणून एक गृहस्थ आले. त्यांनी कोकमाची झाडं, शाळा आणि खालच्या वाडीचं सुकलेलं कुंड दाखवलं. तळाशी भेगा गेलेला चिखल आणि बाजूच्या दगडावर वाहिलेला हळदीकुंकवाचा ताजा ठिपका. पाणी गेलं, पूजा चालू होती. मेश्रामांनी तिथे बराच वेळ उभं राहून भेगा पाहिल्या.

पाट

दिवस मावळायच्या आधी मेश्रामांनी रुमाल काढला आणि सखारामच्या ओसरीवर आणून सोडला. तांदूळ भिजून फुगले होते. एकही दाणा शिजला नव्हता.

"दिवसभर ठेवले होते," मेश्राम म्हणाले.

सखाराम तांदळाकडे पाहत राहिला. "देवाचाच शिजतो."

"सखारामभाऊ, आपण कोणाचे हे तांदळाला कळत नाही."

दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "सांगा त्यास्नी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कालपास्नं जेवन नाय गेलं तुमच्या घशाखाली. त्यांच्याबी नाय."

मग सखाराम उठला. "या. देवळामागं या."

मी निघालो. मेश्राम मात्र जागेवरच होते. त्यांनी विचारलं, "मी आलो तर चालेल?"

सखारामला प्रश्न कळला नसावा. "न चालाया काय? नुसती दगडं हायत. पाय जपा."

देवळाच्या मागे करवंदीच्या जाळीतून वाट होती. डोंगरावरून आलेल्या थंड पाण्याचा एक पाट, हातभर रुंद, देवळाच्या चौथऱ्याखाली शिरत होता. त्याच्या काठावर एक चपटा दगड उभा करून ठेवलेला. दगड पाटात आडवा घातला की पाणी ओढ्याकडे वळतं. उचलला की चौथऱ्याखालच्या उन्हाळ्यात मिसळतं आणि दोन्ही मिळून गोमुखातून बाहेर येतात.

"याला निववणं म्हनतो आमी," सखाराम म्हणाला. "नायतर आंगोळ करनार कोन? भाजून निघंल. पावना यायाचा असला की पाट सोडायचा. हात घालून बघायचा. हाताला सोसलं की दगड तितंच ठेवायचा. बाबांनी शिकवलान, त्यास्नी त्यांच्या बापाशीनं."

म्हणजे सरकारी यादीतला आकडा पृथ्वीचा नव्हता. तो गुरव घराण्याच्या हाताचा होता, आणि यंत्रापेक्षा पक्का होता.

"मी पहिल्यांदा आलो तेव्हाही?" मेश्रामांनी विचारलं.

"तवा बाबा व्हते. पुन्याचा सायब येनार म्हनून पाट सोडलानी. सायब भाजला तर गावाची लाज." त्याने पाटाकाठचा दगड हाताने चाचपला. "तवा पावना म्हनून निववलं. आता भ्याव म्हनून निववलं. खोटं बोललो नाय. पन तुमी इचारलंत नाय, आमी सांगितलं नाय."

परत येताना मेश्राम चालता चालता बोलले, बहुधा माझ्याशी. "त्या वेळीच विचारायला हवं होतं, की पाणी कुठून येतं, मागे जाऊन बघू का. प्रत्येक ठिकाणी विचारायचो. इथे देऊळ होतं. विचारलं आणि माझं आडनाव ऐकून नाही म्हणाले तर, हे त्या वयात मला नको होतं. म्हणून त्यांना नाही म्हणायची संधीच दिली नाही."

मीही सकाळी त्याच गोमुखाशी उभा होतो आणि मागे काय आहे हे विचारलं नव्हतं. माझ्याकडे तेवढं चांगलं कारणही नव्हतं.

"आता काय करणार?" मी म्हणालो. "उद्या त्रेचाळीस लिहिलं, तर गाडी परत जाईल. तुमचा आकडा राहील, कुंड राहील. अमेयला दुसरी नोकरी मिळेल. हडपसरला काचेच्या इमारती पुष्कळ आहेत. मला वाक्यसुद्धा सुचलंय."

"सुचलं असेल."

"खोटं कोणालाच सांगावं लागणार नाही. नुसतं मोजायचं."

"दातार, वाक्य तुमचं, आकडा माझा," मेश्राम म्हणाले. आणि सखारामकडे वळून, "उद्या उजाडायच्या आत दगड आडवा घाला."

"घातला तर गाडी येईल," तो म्हणाला.

"येईल."

"आनि तुमी?"

"मी इथेच असेन."

एवढंच बोलणं झालं. दगड घातला जाईल की नाही हे आम्हाला सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

साकव

घातला होता. मला ते सगळ्यांच्या आधी कळलं, कारण कालच्या सवयीने मी पाय सरळ कुंडात सोडला. मी काय ओरडलो ते अहवालात घेतलेलं नाही. वहिनींनी धावत येऊन पायाला कोरफडीचा गर लावला आणि त्याच वेळी मेश्रामांनी धारेत कांडी धरली.

आकडा साठ ओलांडून गेला तेव्हा अमेयने श्वास आत घेतला. एकाहत्तरवर थांबला.

"लिहा," मेश्राम म्हणाले. "खाली हेही लिहा: आधीचा त्रेचाळीस थंड पाणी मिसळलेल्या प्रवाहाचा होता. चूक मोजणाऱ्याची."

गाव गोळा झालं होतं, पण आज कोणी कोणाच्या जवळ सरकलं नाही. सखाराम कुंडाच्या पायरीवर बसला आणि पाण्याकडे पाठ केली. अमेय झेंड्याच्या कट्ट्याकडे पळत निघाला, अर्ध्या वाटेवर थांबून त्याने मागे पाहिलं आणि मग चालत गेला. तो परतला तेव्हा एवढंच म्हणाला, "रिग निघाली."

दुपारी गाडी साकवापर्यंत आली. साकवावर गावातल्या बायका बसल्या होत्या. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. तांदूळ निवडायची सुपं घेऊन त्या ओळीने बसल्या होत्या आणि तांदूळ निवडत होत्या. पुण्यात मोर्चा काढायचा तर आधी परवानगी, मग मांडव, मग अध्यक्षांचा शोध. इथे नुसतं घरचं काम रस्त्यावर आणलं होतं आणि गाडी थांबली होती. गाडीचं इंजिन चालूच होतं. मागच्या मनोऱ्याची पोलादी टोकं करवंदीच्या वर दिसत होती. ड्रायव्हरने एकदा भोंगा वाजवला. सुपांचा आवाज थांबला नाही. दुसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा वहिनींनी सूप खाली ठेवलं आणि त्या चाकासमोर सरकून बसल्या. सखाराम त्यांच्यामागे जाऊन उभा राहिला. मी लंगडत पुढे गेलो, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

गाडीवाला खाली उतरला. त्याच्या हातात कागद होता. बोअरच्या जागेवर भूगर्भवाल्याची सही झाल्याशिवाय तो भोक पाडत नसे. यंत्र अडकलं तर नुकसान कोणावर, हा त्याचा साधा हिशेब होता. त्याने कागद मेश्रामांपुढे धरला. "साब, पॉइंट पे दस्तखत."

मेश्रामांनी कागद नीट वाचला. बारा पावलं. "नहीं करूंगा," म्हणाले आणि परत दिला.

"सर," अमेय म्हणाला, "पण एकाहत्तर आलंय. आपणच मोजलं."

"म्हणूनच. एवढं ऊन पाणी म्हणजे त्याची वाट सरळ खोलातून येते, आणि तुमचं भोक त्या वाटेवर आहे."

अमेयने त्यांना झेंड्याच्या कट्ट्यावर नेलं आणि मालकांचा फोन लावून दिला. मला फक्त मेश्रामांची बाजू ऐकू आली.

"हो, एकाहत्तर... नाही, अभिनंदनाचं काही नाही... बारा पावलांवर छेद घेतला आणि दाब तिकडे वळला तर कुंड जाईल. खालच्या वाडीचं गेलं आहे, मी पाहून आलो... नाही, जाईलच असं मी म्हणत नाही. जाणार नाही, असं म्हणायला माझी सही हवी आहे तुम्हाला... वाहून जाणारं पाणी वापरा. त्यावर वाळवणीची खोली होईल, कोकमाची, मासळीची. बोअर लागत नाही... हो, मोठा विचार आहे हा, फक्त लहान दिसतो... बरं. मग दुसरा बघा."

त्यांनी फोन अमेयला परत दिला. अमेय फोन कानाला लावून बराच वेळ नुसता "येस सर" म्हणत राहिला. मग साकवावर येऊन गाडीवाल्याला म्हणाला, "भैया, रिव्हर्स लो." हे त्याला मालकांनी सांगितलं होतं की त्याने स्वतःच ठरवलं होतं, ते मी विचारलं नाही. या गावात न विचारण्याने पुरेसा घोटाळा झाला होता, तरीही.

गाडीला वळायला जागा नव्हती. ती अर्धा मैल उलटी गेली. बायकांनी तेवढ्यात तांदूळ निवडून संपवले.

नंतर

मी अहवाल लिहिला. दोन्ही आकडे, पाटाचा नकाशा, वाळवणीच्या खोलीची शिफारस. मेश्रामांचं सल्लागारपद पुढच्या महिन्यात संपलं. दुसरा भूगर्भशास्त्रज्ञ शोधायला जाहिरात निघाली. पण तेवढ्यात काहीतरी तोडगा निघून पुण्यातलं भारनियमन उठलं आणि त्याबरोबर मालकांचा पृथ्वीच्या पोटावरचा विश्वासही. जनरेटरांवर ताडपत्री पडली. अमेयने कंपनी बदलली. समोरच्याच काचेच्या इमारतीत. मेश्रामांनी आपला छापील आकडा दुरुस्त करावा असं जुन्या खात्याला पत्र लिहिलं. चूक दुरुस्तीसाठी मूळ मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा खुलासा, त्याच्या कार्यालयप्रमुखामार्फत, सादर करावा, असं उत्तर आलं. यादीत अजून त्रेचाळीस आहेत.

तीन हिवाळ्यांनंतर मेश्राम आणि मी पुन्हा उन्हाळवाडीला गेलो, स्वखर्चाने. कुंड होतं. वाफ होती. त्या दोन म्हाताऱ्याही होत्या, आणि सून सुधारलेली नव्हती. वाळवणीची खोली झालेली नाही. तिच्यासाठी म्हणून मालकांनी जी देणगी पाठवली, तिच्यातून कुंडाच्या शेजारी, बरोबर बारा पावलांवर, भक्तनिवास बांधलं आहे. दाराशी संगमरवरी फरशी आहे. तिच्यावर मालकांच्या नावाखाली पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेबद्दलचं माझं वाक्य कोरलं आहे. 'शेकडो' ऐवजी 'हजारो पिढ्या' अशी सुधारणा करून.

न्हाणीघरात विजेचा गिझर आहे. गावात भारनियमन अजून आहे, त्यामुळे सकाळी तो लागत नाही. सखाराम कुंडावरून दोन बादल्या घेऊन आला, एकीत थंड पाणी ओतलं, हात घालून पाहिला आणि मेश्रामांपुढे ठेवली.

गिझरची हमी अजून दोन वर्षं आहे.